अडीच हजार घरांची दारं वाजवून या माणसानं शोधलं, गरिबी नेमकी येते कुठून

साल १८९६. अमेरिकेतलं फिलाडेल्फिया शहर. इथल्या सातव्या वॉर्डात एक नवीन जोडपं राहायला आलं. नवरा २८ वर्षांचा. नीटनेटका सूट, हातमोजे, हातात काठी, टोकदार दाढी. लग्नाला जेमतेम तीन महिने झालेले, आणि बिऱ्हाड कुठं, तर एका खानावळीच्या वरच्या एका खोलीत. आजूबाजूला घाण, दारूचे अड्डे आणि मारामाऱ्या.

हा माणूस फॉर्मांचा गठ्ठा घेऊन निघायचा आणि एकेक दार वाजवायचा. घरात माणसं किती? मूळ गाव कोणतं? काम काय करता? आठवड्याला हातात किती पडतात? भाडं किती जातं? न्हाणीघर आहे का? पोटभाडेकरू ठेवलेत का? कोणत्या चर्चला जाता? कोणत्या मंडळात वर्गणी भरता?

साधारण अडीच हजार घरांमध्ये त्यानं हे प्रश्न विचारले. तेही एकट्यानं.

त्याचं नाव विल्यम एडवर्ड बर्गहार्ट डू बॉइस. जग त्यांना डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस म्हणून ओळखतं. (आडनाव फ्रेंच वळणाचं आहे, म्हणून अनेक जण ते फ्रेंच पद्धतीनं उच्चारायचे. डू बॉइस यांना ते अजिबात खपायचं नाही.) कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारा नेता म्हणून त्यांचं नाव आपल्या कानावर आलेलं असतं. पण नेता होण्याआधी ते समाजशास्त्रज्ञ होते. गरिबी आणि माणसांमधले नातेबंध यांचा आकड्यांनिशी अभ्यास कसा करायचा, याची वाट पाडणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी ते एक. आणि त्याच आकड्यांवरचा त्यांचा भरवसा पुढे कसा तुटला, हेही समजून घेण्यासारखं आहे.

आधी थोडं मागे जाऊ

डू बॉइस यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टन या छोट्या गावातला. अमेरिकेत गुलामगिरी कायद्यानं संपून तेव्हा तीनही वर्षं झाली नव्हती. ते अगदी लहान असतानाच वडील घर सोडून गेले. आई मेरी हिनं मोलमजुरी करून मुलाला वाढवलं. पुढे तिला पक्षाघाताचा झटका आला, तरी तिनं मुलाची शाळा सुटू दिली नाही.

गावात कृष्णवर्णीय कुटुंबं मोजकीच होती. शाळेत एकदा मुलामुलींनी एकमेकांना भेटकार्डं द्यायचा खेळ काढला. एका नव्या मुलीनं या मुलाचं कार्ड घ्यायला सरळ नकार दिला. आपल्यात आणि बाकीच्यांत काहीतरी पडदा आहे, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं, असं त्यांनी नंतर लिहून ठेवलंय.

पोरगं हुशार होतं. आईच्या निधनानंतर गावातल्या चर्चच्या लोकांनी पैसे गोळा केले आणि त्याला टेनेसीतल्या फिस्क विद्यापीठात धाडलं. तिथं असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत ते खेड्यांत जाऊन शिकवायचे. गुलामगिरी संपूनही शेतकऱ्यांची पोरं कर्जात कशी जन्माला येतात, हे त्यांनी तिथं पाहिलं. मग हार्वर्ड. मग दोन वर्षं बर्लिन, जिथं गुस्ताव श्मोलर यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांकडून त्यांनी एक गोष्ट उचलली: आधी माहिती गोळा करा, सिद्धांत नंतर मांडा. १८९५ मध्ये हार्वर्डची पीएचडी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले.

एवढं शिकून हातात काय आलं? ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात लॅटिन आणि ग्रीक शिकवायची नोकरी. पांढरपेशा गोऱ्या विद्यापीठांत कृष्णवर्णीय प्राध्यापकाला जागाच नव्हती. म्हणून फिलाडेल्फियाहून बोलावणं आलं तेव्हा त्यांनी फार आढेवेढे घेतले नाहीत.

काम कुणी दिलं आणि कशासाठी?

फिलाडेल्फियात तेव्हा ४० हजारांच्या आसपास कृष्णवर्णीय राहत होते. उत्तरेकडच्या शहरांमधली ही त्यांची सर्वांत मोठी वस्ती. त्यातले साडेनऊ हजारांहून जास्त एकट्या सातव्या वॉर्डात. शहरातल्या सुधारक मंडळींच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती, की शहर बिघडतंय ते या लोकांमुळं. गुन्हेगारी यांच्यामुळं, विकली जाणारी मतं यांची, रोगराई यांची.

सुझन व्हार्टन नावाच्या एका श्रीमंत समाजसेविकेनं पुढाकार घेतला आणि युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियानं या वॉर्डाचा अभ्यास करायचं ठरवलं. डू बॉइस यांची एका वर्षासाठी नेमणूक झाली. हुद्दा समाजशास्त्राचे सहायक असा काहीतरी. पगार वर्षाला हजार डॉलरपेक्षा कमी. शिकवायला वर्ग नाही, विद्यार्थी नाहीत. त्यांच्याच सांगण्यानुसार विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत त्यांचं नावही छापलं गेलं नाही. आपल्याकडून काय उत्तर अपेक्षित आहे, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं. रोग आधीच ठरलेला होता, फक्त डॉक्टरची सही हवी होती.

त्यांनी काम घेतलं आणि स्वतःच्या पद्धतीनं केलं.

तेव्हा लंडनमध्ये चार्ल्स बूथ हे जहाज कंपनीचे मालक शहराच्या गरिबीचे रंगीत नकाशे तयार करत होते. शिकागोत हल हाऊसच्या बायकांनी आपल्या भागाचे तसेच नकाशे १८९५ मध्ये छापले होते. डू बॉइस यांनी हीच पद्धत उचलली आणि वाढवली. त्यांनी वेगवेगळ्या प्रश्नावल्या केल्या. कुटुंबासाठी एक, व्यक्तीसाठी एक, घरासाठी एक, रस्त्यासाठी एक, संस्थांसाठी एक, घरकामगारांसाठी एक. मग वॉर्डाचा घराघरांचा नकाशा काढून त्यांनी कुटुंबांना आर्थिक स्थितीप्रमाणं चार रंग दिले. सगळ्यात वर सुखवस्तू, मग कष्टकरी, मग गरीब, आणि शेवटी गुन्हेगारीच्या वाटेवरचे.

नकाशा पूर्ण झाला तेव्हा शहराच्या समजुतीला पहिला धक्का बसला. सातवा वॉर्ड एका रंगाचा नव्हताच. बाहेरून काळा ठिपका दिसणाऱ्या वस्तीत डॉक्टर होते, शिक्षक होते, दुकानदार होते. आणि सगळ्यात मोठा गट होता तो रोज सकाळी उठून कामावर जाणाऱ्या साध्या माणसांचा.

वस्तीतल्या लोकांना मात्र या पाहुण्याचं फार कौतुक नव्हतं. आपण काय प्राणिसंग्रहालयातले प्राणी आहोत का, असा त्यांचा भाव असायचा. डू बॉइस यांनाही धक्काच बसला. आपण यांच्यातलेच, असं समजून ते आले होते. पण हार्वर्ड-बर्लिनवाल्याला आपल्याच माणसांबद्दल किती कमी माहिती आहे, हे त्यांना दारोदार फिरताना कळलं, आणि त्यांनी ते मोकळेपणानं मान्यही केलं.

मग गरिबी येते कुठून?

आता मुद्द्यावर येऊ. १८९९ मध्ये या अभ्यासाचं पुस्तक आलं, द फिलाडेल्फिया निग्रो. (निग्रो हा शब्द तेव्हा सर्रास चालायचा. आज तो अपमानकारक मानला जातो, म्हणून इथं फक्त पुस्तकाच्या नावापुरता.)

त्या काळच्या बहुतेक विद्वानांचं उत्तर सोपं होतं: कृष्णवर्णीय गरीब आहेत, कारण ते तसेच आहेत, त्यांच्या रक्तातच आहे. डू बॉइस यांनी हे उत्तर खोडून काढलं, तेही भाषण न देता. त्यांनी घरखर्चाचा हिशोब मांडला.

समजा, सातव्या वॉर्डात एक कुटुंब राहतंय. बाई जवळच्या श्रीमंत गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करते. नवरा हमाल किंवा वेटर. काम जवळपासच मिळतं, म्हणून लांब स्वस्त भागात जाता येत नाही. गेलं तरी घरमालक घर देत नाहीत. म्हणजे राहायला मोजक्याच गल्ल्या उरल्या. घरमालकाला हे माहीत असतं, म्हणून तो भाडं चढं लावतो. भाडं झेपत नाही, म्हणून कुटुंब पोटभाडेकरू ठेवतं. घरात परकी माणसं येतात, गर्दी वाढते, आजारपणं वाढतात, घराचं घरपण जातं. आणि बाहेरून बघणारा म्हणतो, बघा, या लोकांना नीट राहायची अक्कल नाही.

त्यांनी मोजलेल्या सुमारे २,४०० कुटुंबांपैकी फक्त ३३४ कुटुंबांना न्हाणीघर आणि शौचालयाची सोय होती. या आकड्याला ते स्वच्छतेची नावड म्हणत नाहीत. मालक घरात काय बांधून देतो आणि किती पैसे उकळतो, याचा तो आकडा आहे.

पण मुळावरचा घाव होता तो कामाचा. कारखान्यांत प्रवेश नाही. कामगार संघटना सदस्य करून घेत नाहीत, आणि संघटनेचा सदस्य नसेल तर त्या धंद्यात काम नाही. पुस्तकात त्यांनी अशी पानंच्या पानं खरी उदाहरणं दिली आहेत. त्यातलं एक वाचून आजही चीड येते. एक तरुण त्याच युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियातून मेकॅनिकल इंजिनिअर झाला. उत्तम शिफारशी होत्या. जाहिरात बघून अर्ज केला, काम मिळालं. काही तासांत तो कृष्णवर्णीय असल्याचं मालकाच्या लक्षात आलं आणि त्याला काढून टाकलं. पुढे तो विद्यापीठाच्या क्लबमध्ये वेटर झाला. त्याच्याबरोबर शिकलेले गोरे पदवीधर तिथंच जेवायला यायचे.

शिक घ्या, प्रगती करा, असं सांगणाऱ्या शहरात शिकलेल्या पोराची ही गत. मग गल्लीतल्या दहा वर्षांच्या मुलानं शिकायचं तरी कशासाठी? डू बॉइस यांचं म्हणणं होतं की, बंद दारांचा सगळ्यात वाईट परिणाम आजच्या पगारावर नाही, तर उद्याच्या उमेदीवर होतो.

नात्यांचा हिशोब

इथपर्यंतचं संशोधन आज आपल्याला ओळखीचं वाटेल. पण पुस्तकाचा जो भाग सगळ्यात वेगळा आहे, तो पुढचा. गरिबीचा अभ्यास करणारा माणूस सहसा काय नाही ते मोजतो. पैसा नाही, घर नाही, शिक्षण नाही. डू बॉइस यांनी काय आहे तेही मोजलं.

त्यांच्या नोंदीप्रमाणं १८९७ मध्ये फिलाडेल्फियात कृष्णवर्णीयांची ५५ चर्चेस होती. सदस्य १२,८०० च्या वर. या चर्चेसच्या मालकीची मालमत्ता ९ लाख डॉलरहून अधिक. कुणाची? तर भांडी घासणाऱ्या बायकांची आणि हमालांची. आठवड्याच्या वर्गणीतून उभी राहिलेली.

चर्च म्हणजे फक्त प्रार्थनेची जागा नव्हती. गावाकडून नवीन आलेल्या पोराला खोली कुठं मिळेल, काम कुठं मिळेल, हे तिथं कळायचं. लग्नं तिथं जुळायची, बातम्या तिथं पसरायच्या, सहली तिथून निघायच्या, भाषणं तिथं व्हायची. गुलामगिरीत कुटुंबं तोडून विकली जायची, नवरा एका मालकाकडे, बायको दुसऱ्याकडे, मुलं तिसरीकडे. घर टिकू दिलं नाही, तेव्हा माणसं एकत्र आली ती प्रार्थनेच्या निमित्तानं. म्हणून या समाजात चर्च ही संस्था कुटुंबापेक्षाही जुनी आहे, असं डू बॉइस यांचं मत होतं. पुढच्या अभ्यासकांनी यावर बरेच वाद घातले, पण प्रश्न त्यांनी उभा केला हे खरं.

त्याच्या जोडीला मदत मंडळं. याची सुरुवात फार जुनी. १७८७ मध्ये रिचर्ड ॲलन आणि अब्सलोम जोन्स या दोघांनी फिलाडेल्फियात फ्री आफ्रिकन सोसायटी काढली होती. सदस्यांनी दर महिन्याला थोडे पैसे भरायचे आणि कुणी आजारी पडलं, कुणी विधवा झाली, तर त्यातून मदत द्यायची. शंभर वर्षांनी डू बॉइस आले तेव्हा अशी मंडळं गल्लोगल्ली होती. आजारपणाचा भत्ता, अंत्यविधीचा खर्च, घरासाठी कर्ज देणाऱ्या पतसंस्था. सरकार नाही, बँक नाही, विमा कंपनी दारात उभं करत नाही, तर माणसांनी एकमेकांचा विमा उतरवला होता.

धंद्यातही तेच. एकोणिसाव्या शतकाच्या मधल्या काळात फिलाडेल्फियातल्या बड्या घरच्या मेजवान्या कृष्णवर्णीय केटरर करायचे. रॉबर्ट बोगल हा वेटर होता, त्यानं हा धंदाच उभा केला. मागून ऑगस्टिन, डॉर्सी, जोन्स, मिंटन अशी नावं आली. एकानं दुसऱ्याला शिकवलं, सांभाळून घेतलं आणि शहराच्या खवय्येगिरीवर राज्य केलं. मोठं भांडवल आणि नवी हॉटेलं आली तशी ही मंडळी मागे पडली.

डू बॉइस या नात्यांचं नुसतं गुणगान करत नाहीत. चर्चेस एकमेकांशी स्पर्धा करत इमारतींवर कर्ज काढतात, काही मंडळांचे हिशोब गोंधळाचे असतात, सुखवस्तू कुटुंबं गरिबांपासून अंतर राखतात, हे सगळं त्यांनी नोंदवलंय. शेजारपाजार माणसाला जगवतो, पण कारखान्याचं बंद दार उघडू शकत नाही. त्यासाठी बाहेरच्यानंच कडी काढायला हवी.

आता एक खटकणारी गोष्टही सांगायला हवी. याच पुस्तकात डू बॉइस गरिबांना उपदेशाचे डोसही पाजतात. काटकसर करा, घर सांभाळा, तरुणांनी सैल वागू नये, वगैरे. वस्तीचं मोजमाप तिच्या वरच्या थरावरून करा, असा त्यांचा आग्रह असायचा. सर्वांत खालच्या थराबद्दल लिहिताना त्यांची लेखणी बऱ्याचदा कोरडी होते. हातमोजे घातलेला माणूस अधूनमधून पानापानांतून डोकावतोच. त्यांच्या चाहत्यांनाही हे नाकारता येत नाही.

गावाकडची बाजू

सातव्या वॉर्डात एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. इथले फार तर तिघांतले एक जण फिलाडेल्फियात जन्मलेले. बाकीचे बहुतेक दक्षिणेतून, त्यातही व्हर्जिनिया आणि मेरीलँडमधून आलेले. मग हे लोक मागे काय सोडून येतात?

हे बघायला १८९७ च्या उन्हाळ्यात ते व्हर्जिनियातल्या फार्मव्हिल या छोट्या गावात जाऊन राहिले. तंबाखूचा बाजार असलेलं गाव. तिथं त्यांना दिसलं की, कमावत्या वयाची माणसं शहरात आणि म्हातारी माणसं, लहान मुलं गावात. शहरातून पैसे यायचे, त्यावर गावातली चूल पेटायची. फिलाडेल्फियात जो एकटा तरुण पोटभाडेकरू म्हणून मोजला गेला होता, तो इकडे कुणाचा तरी बाप होता किंवा मुलगा. एकच कुटुंब दोन ठिकाणी ताणलं गेलेलं. हा अहवाल १८९८ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्यानं छापला.

फिलाडेल्फियाचं काम संपलं, पण विद्यापीठानं त्यांना पुढची नोकरी दिली नाही. डू बॉइस दक्षिणेत अटलांटा विद्यापीठात गेले.

१८९९

आपल्या कामाबद्दल त्यांची श्रद्धा एकदम साधी होती. लोक अन्याय करतात कारण त्यांना माहिती नाही. खरी माहिती समोर ठेवली की लोक बदलतील.

एप्रिल १८९९. अटलांटाजवळ सॅम होज या कृष्णवर्णीय मजुरावर खुनाचा आरोप झाला. डू बॉइस यांनी शांत, मुद्देसूद पत्र लिहिलं आणि ते घेऊन वर्तमानपत्राच्या कचेरीकडे चालत निघाले. वाटेत कळलं की जमावानं सॅम होजला आधीच जिवंत जाळलंय आणि त्याच्या बोटांची हाडं याच रस्त्यावरच्या एका दुकानात मांडून ठेवली आहेत. ते तिथूनच मागे फिरले. पत्र दिलंच नाही.

महिनाभरानं त्यांचा मुलगा बर्गहार्ट आजारी पडला. दीड वर्षाचं पोर, घटसर्प झालेला. शहरातले गोरे डॉक्टर कृष्णवर्णीयांच्या घरी येत नसत आणि कृष्णवर्णीय डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मूल वाचलं नाही. नीना आणि त्यांनी मुलाला अटलांटाच्या मातीत पुरलं नाही, उत्तरेत ग्रेट बॅरिंग्टनला नेलं.

द फिलाडेल्फिया निग्रो छापून आलं ते याच वर्षी. मृत्यूदरांचे तक्ते ज्यानं रात्र रात्र जागून तयार केले, त्याचं स्वतःचं मूल अशाच एका तक्त्यातला आकडा झालं होतं.

या दोन घटनांनंतर नुसता शास्त्रज्ञ म्हणून शांत बसणं शक्य नाही, असं त्यांना वाटू लागलं. अर्थात काम त्यांनी लगेच टाकलं नाही. १९०० मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून सुमारे ६० रंगीत तक्ते हातानं रंगवले. जमिनीची मालकी, साक्षरता, व्यवसाय, सगळं गोल, सर्पिल, पट्ट्यांच्या चित्रांत. आज इन्स्टाग्रामवर डेटा व्हिज्युअलायझेशनच्या नावाखाली जे फिरतं, त्याच्या शेजारी हे तक्ते ठेवले तर तेच जास्त ताजे वाटतील. तिथं त्यांना सुवर्णपदक मिळालं. अटलांटात दरवर्षी एक विषय घेऊन अभ्यास निघत राहिले. १९०३ मध्ये चर्च, १९०७ मध्ये सहकार, १९०८ मध्ये कुटुंब. नात्यांचा तो धागा त्यांनी सोडला नव्हता.

१९०६ मध्ये अलाबामातल्या लाउंड्स काउंटीत त्यांनी हजारो शेतमजूर कुटुंबांची पाहणी केली. जमीनदार आणि कर्ज या विषयाला थेट हात घालणारं काम. सरकारच्या कामगार खात्यानं ते छापायला नकार दिला. नंतर चौकशी केली तर कळलं, हस्तलिखितच नष्ट केलंय. त्याच वर्षी अटलांटात दंगल झाली, कृष्णवर्णीयांची घरं-दुकानं फोडली गेली, माणसं मारली गेली.

१९१० मध्ये डू बॉइस यांनी प्राध्यापकी सोडली आणि न्यूयॉर्क गाठलं.

पुढची पन्नास वर्षं, थोडक्यात

एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना तेव्हा नुकतीच उभी राहत होती. तिचं मासिक द क्रायसिस डू बॉइस यांनी सुरू केलं आणि २४ वर्षं चालवलं. पहिल्या महायुद्धानंतर त्याचा खप लाखाच्या घरात गेला होता. आकड्यांनी जे झालं नाही, ते मासिकानं करून दाखवलं.

पण १९३४ मध्ये याच संघटनेतून त्यांना बाहेर पडावं लागलं, आणि कारण सातव्या वॉर्डाशी जोडलेलं होतं. महामंदीत सगळ्यात आधी कृष्णवर्णीयांच्या नोकऱ्या गेल्या. डू बॉइस म्हणू लागले, गोऱ्यांची दारं उघडायची वाट बघत किती दिवस उपाशी बसायचं? आपल्याकडे चर्चेस आहेत, मंडळं आहेत, शेजार आहे. त्यावर सहकारी दुकानं, सहकारी उद्योग उभे करा. संघटनेला यात वेगळेपणाचा वास आला. आपण भिंती पाडायला निघालोय आणि हा माणूस भिंतीच्या आत संसार थाटायला सांगतोय, असा आक्षेप होता. आक्षेप अगदीच चुकीचा नव्हता. पण ज्यानं ५५ चर्चेसचा हिशोब स्वतः मांडला होता, त्याला त्या नात्यांची ताकद दिसत होती हेही तितकंच खरं. कुणीच माघार घेतली नाही. डू बॉइस यांनी राजीनामा दिला आणि वयाच्या ६६ व्या वर्षी पुन्हा अटलांटाला शिकवायला गेले.

दहा वर्षांनी संघटनेनं त्यांना परत बोलावलं. त्या काळात त्यांना भारतातून एक पत्र आलं. जुलै १९४६. पाठवणारे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाचा आपण सतत अभ्यास करत आलो आहोत आणि त्यांच्या व अस्पृश्यांच्या स्थितीत बरंच साम्य आहे, असं त्यांनी या पत्रात कळवलं. कृष्णवर्णीयांच्या एका संघटनेनं संयुक्त राष्ट्रांकडे निवेदन दिल्याचं त्यांनी वाचलं होतं. भारतातले अस्पृश्यही असंच निवेदन देण्याच्या विचारात होते, म्हणून त्याच्या दोन-तीन प्रती त्यांना हव्या होत्या. डू बॉइस यांनी महिनाअखेरीस उत्तर दिलं. बाबासाहेबांचं नाव आपण ऐकून आहोत, अस्पृश्यांच्या लढ्याबद्दल पूर्ण सहानुभूती आहे आणि लागेल ती मदत करू, अशा आशयाचं. पुढच्याच वर्षी डू बॉइस यांनी संपादित केलेलं एनएएसीपीचं निवेदन संयुक्त राष्ट्रांत दाखल झालं. अमेरिकेतल्या वर्णभेदासाठी जात हा शब्द डू बॉइस आधीपासून वापरत आलेच होते.

शेवटची वर्षं कडवट गेली. अण्वस्त्रांविरोधात मोहीम चालवली म्हणून १९५१ मध्ये परदेशाचे हस्तक असल्याचा खटला त्यांच्यावर झाला. वय ८३, आणि हातात बेड्या. अल्बर्ट आइनस्टाइन त्यांच्या बाजूनं साक्ष द्यायला तयार होते, पण त्याआधीच पुरावा नसल्यानं न्यायाधीशांनी खटला काढून टाकला. तरी पासपोर्ट काही वर्षं अडकवून ठेवला गेला. १९५७ मध्ये घाना स्वतंत्र झाला, त्या सोहळ्याचं आमंत्रण असूनही त्यांना जाता आलं नाही. १९६१ मध्ये त्यांनी कम्युनिस्ट पक्षाचं सदस्यत्व घेतलं आणि घानाचे अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांच्या बोलावण्यावरून कायमचे तिकडे निघून गेले. वयाची नव्वदी ओलांडली होती, आणि हाती घेतलेलं नवं काम होतं आफ्रिकेचा ज्ञानकोश.

२७ ऑगस्ट १९६३ रोजी आक्रा शहरात त्यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये अडीच लाख लोक जमले होते. नोकऱ्या आणि स्वातंत्र्य, ही त्या मोर्चाची मागणी. मार्टिन ल्यूथर किंग यांचं प्रसिद्ध भाषण झालं ते याच दिवशी. त्याच व्यासपीठावरून रॉय विल्किन्स यांनी डू बॉइस गेल्याची बातमी जमावाला सांगितली.

२०१२ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियानं डू बॉइस यांना समाजशास्त्राचे मानद प्राध्यापक हे पद दिलं. खानावळीच्या वरच्या त्या खोलीत ते राहायला आले, त्याला तोवर ११६ वर्षं झाली होती.